कन्फेशन झालं, पण चुलत्याशी बोलायचं की नाही?

वाडीवाला

नमस्कार मंडळी,

ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे त्यामुळे आमच्या वसईत दर रविवारी प्रवचनाला समेट, क्षमा, पश्चात्ताप हेच विषय आलटूनपालटून. गेल्या आठवड्यात आसपासच्या पॅरिशचे फादर एकत्र येऊन कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, ऐकायला बसले होते, प्रत्येकासमोर ही लांब रांग. त्या रांगेत मागेपुढे अशी माणसं, जी एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत. कोणाचं बांधावरून, कोणाचं विहिरीच्या पाळीवरून, कोणाचं आईच्या सोन्यावरून. आमच्या घरचंच घ्या, पप्पा आणि त्यांचा चुलतभाऊ, मधे वाडीचं कुंपण, बोलणं बंद. दोघंही कन्फेशन करतात, दोघंही ख्रिस्तप्रसाद घेतात आणि मिस्सामध्ये (रविवारच्या उपासनेत) शांतीचं अभिवादन आलं की बरोब्बर विरुद्ध दिशेला वळून हात जोडतात.

माझं मत सरळ सांगतो. आपण कॅथलिकांनी देवाशी समेट इतका सोपा करून ठेवलाय की माणसाशी करायची गरजच उरली नाही. अर्धा तास रांगेत, दोन मिनिटं आत, प्रायश्चित्त म्हणून तीन हेल मेरी (मरियेची प्रार्थना), सुटलो.

तर प्रश्न असा की फादरने पापक्षमा दिली तरी ज्याचं वाकडं केलं त्याच्या दारात जायलाच हवं का? तुमच्या चर्चमध्ये, पंथात कसं बघतात? ख्रिस्ती नसलेल्यांनीही बिनधास्त लिहा.

ताकभात

पहिला नंबर! "विरुद्ध दिशेला वळून हात जोडतात" वाचून फुटलो. आमच्याकडे संक्रांतीला हेच, तिळगूळ अख्ख्या बिल्डिंगला, फक्त वरच्या मजल्यावरचे सोडून.

नगरी_निवांत

जयख्रिस्त. मी नगरचा, प्रोटेस्टंट, चर्च ऑफ नॉर्थ इंडियावाला. तुमची दोन मिनिटं तरी लागतात हो, आमच्यात सगळी मंडळी एका सुरात पापांगीकार म्हणते, पाळकसाहेब क्षमेची वचनं वाचतात, विषय संपला. कोणी काय केलं ते ना पाळकाला कळतं ना शेजाऱ्याला. त्यामुळे सोपं कोणी केलं याची स्पर्धाच लावायची तर पदक आम्हालाच.

एक गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. तुमच्या मिस्सात शांतीचं अभिवादन येतं ख्रिस्तप्रसादाच्या अगदी आधी. अँग्लिकन परंपरेच्या आताच्या विधीत आणि चर्च ऑफ साउथ इंडियाने १९५० साली जो उपासनाविधी तयार केला त्यात ते येतं अर्पणाच्या आधी. कारण बायबलातलं मत्तय ५:२३-२४. दान घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दान दे. म्हणजे देव म्हणतो मी थांबतो, तू जाऊन ये. आता नगरमध्ये दान ठेवून कोण गेलंय ते मला अजून दिसलेलं नाही हा भाग वेगळा.

कोर्टकचेरी

दान ठेवून गेला तर परत येईपर्यंत दान जागेवर असेल याची हमी कोण देणार :)

सुशेगाद

वाडीवाला, तुझं निरीक्षण खरं पण निष्कर्ष चुकलाय. संस्काराला दोष देऊ नको, आपण तो अर्धाच करतो त्याला दे.

आमच्या गोव्यात कुमसार म्हणतात. आमची आजी कुमसाराला जायची ते आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांची माफी मागून, कामवाल्या बाईचीसुद्धा. म्हणायची, आधी इथं, मग पाद्रीकडे. तिला कोणी धर्मशास्त्र शिकवलं नव्हतं, पण चर्चची शिकवण नेमकी हीच आहे. पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई, असे तीन भाग. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात परिच्छेद १४५९ काढून बघ, साफ लिहिलंय की पापाने शेजाऱ्याचं नुकसान झालेलं असतं, शक्य तेवढं भरून द्यायला हवं. चोरलेलं परत कर, ज्याची बदनामी केलीस त्याचं नाव साफ कर, दुखावलंस त्याची भरपाई कर. पापक्षमेने पाप जातं, पापाने झालेली नासाडी आपोआप दुरुस्त होत नाही. तीन हेल मेरी म्हणजे चौकशी शुल्क, दंड नव्हे.

आणि कन्फेशनचा तो लाकडी डबा काही येशूच्या काळापासून नाहीये. सुरुवातीच्या शतकांत खून, व्यभिचार, श्रद्धात्याग असली मोठी पापं केलेल्याला सगळ्यांसमोर प्रायश्चित्त घ्यावं लागायचं आणि मग बिशप त्याला मंडळीत परत घ्यायचा. म्हणजे मुळात हे गावासमोरचं प्रकरण होतं. सहाव्या शतकाच्या आसपास आयरिश मठवाल्यांनी खासगी कबुली आणि पापागणिक ठरलेलं प्रायश्चित्त सुरू केलं, १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा सक्तीचं केलं, आणि मधे जाळी असलेला डबा सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी रूढ केला. १९७३ मध्ये नवा विधी आला तेव्हा समोरासमोर बसायची मुभा मिळाली. खासगी झालं तिथेच शेजारी चित्रातून बाहेर गेला, असं माझं मत.

वाडीवाला

@सुशेगाद, चौकशी शुल्क :D हे फादरना सांगतो. पण मग फादर पापक्षमा देताना "आधी भावाकडे जाऊन ये" असं का म्हणत नाहीत?

सुशेगाद

म्हणतात की. चांगला फादर म्हणतो. फक्त नंतर तू गेलास का हे तो कोणाला विचारू शकत नाही, कारण कबुलीतलं एक अक्षर बाहेर फोडलं तर तो जागच्या जागी चर्चबाहेर. त्यामुळे फॉलोअप शून्य.

कोर्टकचेरी

फॉलोअपची जबाबदारी आमच्याकडे आहे, वाटपाच्या दाव्यात तारखांना दोन्ही भाऊ न चुकता भेटतात.

बाकी भरपाईचा मुद्दा मला पटला. मी ख्रिस्ती नाही, पण शाळा मिशनची, त्यामुळे बायबलातला जक्कय पाठ आहे. बुटका, झाडावर चढलेला, जकातदार. येशू त्याच्या घरी जेवायला गेला तेव्हा तो "माझं चुकलं" वगैरे म्हणालाच नाही, थेट म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. आकड्यात बोलला. माझ्या पक्षकारांपैकी मोठ्या आवाजात रडणारे खूप बघितलेत, सही करणारे थोडे.

अबोली

एक वेगळी बाजू मांडते. कडू लागेल पण मांडते.

समेट समेट म्हणून सगळ्यात जास्त कोणाच्या मागे लागतात माहितीये का? बायकांच्या. माझी मोठी बहीण नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली. पॅरिशचं नाव घेत नाही. सुरुवातीला लोक सांत्वनाला आले, मग जसा उपवासकाळ जवळ आला तसे समजवायला यायला लागले. "तू ख्रिस्ती ना, सत्तर वेळा सात वेळा माफ कर." प्रार्थना मंडळातल्या दोन बायका तर तिच्या नवऱ्याला घेऊनच दारात, हातात केक. आई आतून म्हणाली, केक ठेवा आणि माणसाला घेऊन जा.

सत्तर वेळा सात वेळा क्षमा करायला सांगितलंय, सत्तर वेळा सात वेळा मार खायला नाही. क्षमा एकटीने करता येते, मनातल्या मनात, त्याला न सांगतासुद्धा. समेटाला दोघं लागतात आणि दुसऱ्याने बदललेलं असावं लागतं. आणि हे माझं बंडखोर मत नाहीये, चर्चच्याच कायद्यात कलम ११५३ आहे, जोडीदारापासून जिवाला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायचा हक्क आहे. लग्न मोडायला सांगत नाही, पण वेगळं राहा म्हणतं. हे कलम लग्नाआधीच्या कोर्समध्ये जरा मोठ्याने वाचून दाखवा की.

ताकभात

"केक ठेवा आणि माणसाला घेऊन जा." आईंना साष्टांग.

नगरी_निवांत

अबोलीताई, शंभर टक्के. आणि तुम्ही म्हणता ते मत्तयच्या त्याच ओळीत आहे, फक्त नीट वाचायला हवी. "भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर." म्हणजे उठून जायचं कोणी? ज्याने दुखावलं त्याने. आपल्याकडे प्रवचनात ही ओळ वाचतात आणि मग ज्याचं नुकसान झालंय त्यालाच सांगतात, मन मोठं कर. उलटं झालं ना ते. वेदीपासून परत फिरायला सांगितलंय नवऱ्याला, बहिणीला नाही.

सुशेगाद

थांब, इतकं सोपं पण नाही. त्याच मत्तयच्या १८ व्या अध्यायात म्हटलंय, भावाने तुझा अपराध केला तर तू जा आणि एकांतात त्याला त्याचा दोष दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. तिथे दुखावलेल्यालाच पाठवलंय. मार्क ११:२५ मध्ये तर प्रार्थनेला उभा असतानाच क्षमा कर म्हणतो, भेटायचीसुद्धा भानगड नाही. दोघांनाही पाठवलंय म्हणजे वाटेत भेट होईल अशी योजना असावी.

नगरी_निवांत

मान्य, पण १८ मध्ये "दोष दाखव" म्हटलंय. गिळून टाक नाही म्हटलेलं. साक्षीदार घेऊन जा म्हणजे पंचायतच झाली की. ते मन मोठं करणं नव्हे.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

वाचनमात्र होतो, राहवलं नाही. ख्रिश्चन नाही. मला नेहमी प्रश्न पडतो की देवाने माफ करायचा अधिकार घेतला कुठून? माझं कोणी वाटोळं केलं आणि तो आत जाऊन फादरला सांगून मोकळा झाला, तर मला न विचारता माझ्या वतीने माफी दिली की नाही?

चिंचवडचा_मल्याळी

@प्रेक्षक, फार चांगला प्रश्न. उत्तर देता येणार नाही, किस्सा सांगता येईल.

आमचं सिरीयन ऑर्थोडॉक्स. आमच्याकडे महाउपवासाच्या पहिल्या सोमवारी शुब्कोनो नावाचा विधी असतो. वाकून वाकून नमस्कार, गुडघ्यांची वाट लागते, आणि शेवटी अच्चन (आमचे फादर) सगळ्यांची क्षमा मागतात, मग लोक रांगेने एकेकासमोर वाकून हात हातात घेत जातात. रांग अशी फिरते की कोणालाही टाळता येत नाही. तुमचा चुलतकाका असेल तर तोही समोर येणारच. चिंचवडला लहानपणी मला यातलं फक्त एवढंच आवडायचं की ज्या काकांनी क्रिकेटचा बॉल जप्त केला होता त्यांना माझ्यापुढे वाकावं लागलं. बॉल मात्र मिळाला नाही, म्हणजे कोर्टकचेरींच्या भाषेत सही झाली नाही.

आता तुमचा प्रश्न. राणी मारिया या केरळच्या सिस्टर होत्या, मध्य प्रदेशात देवास-इंदूर भागात आदिवासींमध्ये काम करायच्या, सावकारांच्या डोळ्यांत खुपत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला चालत्या बसमधून जाताना समुंदर सिंग नावाच्या माणसाने सगळ्यांदेखत त्यांना भोसकलं. जन्मठेप झाली. बायको सोडून गेली. पुढे २००२ मध्ये राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला, तो २००६ मध्ये सुटला, मग केरळला त्यांच्या आईला भेटायला गेला आणि त्या म्हाताऱ्या बाईने त्याच्या हातांचं चुंबन घेतलं, कारण त्या हातांना तिच्या मुलीचं रक्त लागलेलं होतं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इंदूरला राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा हा माणूस समारंभाला हजर होता.

तर @प्रेक्षक, इथे देवाने परस्पर माफी दिलेली नाही. जिचं माणूस गेलं ती आधी तुरुंगात गेली. पण अबोलीताईंसाठी हेही सांगतो की त्याने तोवर सात वर्षं तुरुंगात काढली होती आणि तो खरोखर पिळवटून निघाला होता. कोणी केक घेऊन दारात उभं नव्हतं.

अबोली

हे वाचून काही सुचेना. पण एक राहतं, अशा गोष्टी सांगितल्या की दुसऱ्या दिवशी प्रवचनात वापरतात, "बघा त्या आईने केलं, तुम्हाला नवऱ्याला माफ करता येत नाही?" त्या आईला कोणी करायला लावलं नव्हतं, त्यातच तिची सगळी थोरवी आहे.

मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्सचंही तसंच. १९९९ च्या जानेवारीत ओडिशात मनोहरपूरला नवरा आणि दोन लहान मुलं गाडीत जाळली, बाई म्हणाल्या माझ्या मनात राग नाही. पण खटला चालला, मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये कायम केली. क्षमा तिची, शिक्षा कायद्याची. दोन्ही एकाच वेळी चालतं हे लोकांना का पचत नाही कोण जाणे.

प्रवासी_पक्षी

कामानिमित्त बरीच वर्षं दक्षिण आफ्रिकेत होतो म्हणून थोडं. तिथे हा प्रश्न अख्ख्या देशाने घेतला. वर्णभेद संपल्यावर सत्य आणि समेट आयोग नेमला, अध्यक्ष आर्चबिशप डेसमंड टुटू, अँग्लिकन. एप्रिल १९९६ मध्ये सुनावण्या सुरू झाल्या आणि टुटू प्रार्थना म्हणून, मेणबत्ती लावून काम सुरू करायचे, काही लोकांना ते खटकायचं की हे सरकारी काम आहे की मिस्सा. माफीची अट काय होती, तर राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची पूर्ण माहिती उघड करा. पश्चात्ताप दाखवायची अट कायद्यात नव्हतीच! म्हणजे सुशेगादचे तीन भाग घेतले तर फक्त मधला, कबुली. ७,११२ अर्ज आले आणि ८४९ लोकांना माफी मिळाली. पोलीस कोठडीत जीव गेलेल्या वर्णभेदविरोधी कार्यकर्त्या स्टीव्ह बिकोच्या घरच्यांनी तर कोर्टात आव्हान दिलं की आमचा न्यायाचा हक्क तुम्ही कसा काय वाटून टाकता, हरले. तुमच्या @प्रेक्षकांचा प्रश्न तोच आहे.

आणि भरपाई? सगळ्यात लंगडी तीच राहिली. टुटूंबद्दल आदर आहे, पण तिथले कृष्णवर्णीय सहकारी मला म्हणायचे, सत्य मिळालं, समेट मिळाला, जमीन कुठे आहे.

अवांतर पण महत्त्वाचं. या वर्णभेदाचं एक बीज वेदीपाशीच आहे. १८५७ मध्ये तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने (धर्मसभेने) काही जणांच्या "दुर्बलतेमुळे" गोऱ्यांचं आणि इतरांचं प्रभुभोजन (तुमचा ख्रिस्तप्रसाद) वेगळं करायला परवानगी दिली. तात्पुरती सोय म्हणून. मग वेगळी चर्चेस झाली. त्याविरुद्ध मिश्रवंशीय ("कलर्ड") लोकांच्या चर्चने १९८२ मध्ये बेल्हारला विश्वासाची घोषणा लिहिली आणि १९८६ मध्ये स्वीकारली, मुख्य मुद्दा हाच की समेटावर विश्वास आणि वेगळ्या वेद्या एकत्र नांदू शकत नाहीत.

नगरी_निवांत

"काही जणांच्या दुर्बलतेमुळे." हे वाचून हसलो. दूर कशाला जायचं.

आमच्या नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती हे महार-मांग घरांतून आलेले, मी त्यातलाच. चर्चने आम्हाला शाळा दिली, दवाखाना दिला, नाव दिलं. पण लग्नाच्या जाहिराती वाचा, "ख्रिस्ती, पूर्वाश्रमीचे अमुक" असं अजून लिहितात. तमिळनाडूत कित्येक ठिकाणी दफनभूमीत भिंत आहे, मेल्यावरसुद्धा समेट नाही. २०१६ मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांबाबतचं धोरण काढलं आणि चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते हे स्वतः कबूल केलं, त्याबद्दल मानतो. कबुली झाली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, ते सरकारचं. पण चर्चच्या संस्थांमधल्या नोकऱ्या, कमिट्या, ते तर आपल्या हातात आहे? तिथे जक्कय कोण होणार?

ताकभात

एक बाळबोध शंका. तुमचे पंथ आपसात तरी बोलतात का?

सुशेगाद

बोलतात, कागदावर तर फारच छान बोलतात. ल्यूथरच्या १५१७ पासूनचं मूळ भांडण, माणूस देवापुढे नीतिमान कशाने ठरतो, त्यावर कॅथलिक आणि लुथरन यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबुर्गमध्ये संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. ४८२ वर्षांनी. म्हणजे वाडीवाल्याच्या पप्पांना अजून बराच वेळ आहे.

नगरी_निवांत

आणि आमचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया नागपुरात जन्मलं, २९ नोव्हेंबर १९७०, सहा चर्चेस एकत्र आली, अँग्लिकन, बॅप्टिस्ट वगैरे. बॅप्टिस्ट मोठेपणीच बाप्तिस्मा देणार, अँग्लिकन तान्ह्यालाही, तरी दोन्ही पद्धती एकाच घरात ठेवल्या. इथल्या मोठ्या मेथडिस्ट चर्चने मात्र अगदी शेवटच्या क्षणी अंग काढून घेतलं. एकत्र येऊन आम्ही मालमत्तेवरून भांडायला मोकळे झालो ते सोडा.

संपादक

धागा समेटाचा आहे, मालमत्तेचे तपशील नकोत. कृपया विषयाला धरून.

कोर्टकचेरी

संपादक महोदय, वसई आणि नगर दोन्हीकडे समेट आणि मालमत्ता वेगळे काढून दाखवा, फी माफ करतो.

वाडीवाला, आता तुम्ही बोला. कुंपण सरकवलंय कोणी? सगळे धर्मशास्त्र सांगताहेत आणि वस्तुस्थिती कोणाला माहीत नाही.

वाडीवाला

तेच लिहायला आलो. हा धागा पप्पांना मोबाईलवर वाचून दाखवला, सगळा नाही, अबोलीताईंच्या केकपर्यंत आणि मग जक्कय. पप्पांचं म्हणणं, मी दुखावलेला आहे, मी का जाऊ. काकाचंही म्हणणं हेच असणार. आजोबांच्या वेळी बांधावर पांगाऱ्याची झाडं होती, ती वादळात पडली, मग काकाने तारेचं कुंपण केलं ते पप्पांच्या मते तीन हात आत, काकाच्या मते एक हात बाहेर. दोघांच्याही मते दुसऱ्याने वेदीपासून परत फिरायला हवं.

मग मी सुशेगादच्या "वाटेत भेट होईल"वरून एक केलं. काकाच्या मुलाला, तो माझ्याच वयाचा आहे, मेसेज केला की सरकारी मोजणीचा अर्ज दोघांच्या सहीने करू, फी अर्धी अर्धी, आणि हद्द दाखवणारा मोजणीचा नकाशा, "क" प्रत, येईल ती दोन्ही घरांना मान्य. तो लगेच हो म्हणाला. म्हणाला, आमच्याकडेही शांतीच्या अभिवादनाला मान मोडते.

अबोली

हे आवडलं. क्षमा मागा, मन मोठं करा याच्याऐवजी आधी टेप लावा.

सुशेगाद

मोजणी म्हणजे कबुली धरू. पण ज्याचं कुंपण पुढे निघेल त्याने ते स्वतःच्या हाताने काढायचं, मजूर लावून नाही.

कोर्टकचेरी

नियमित मोजणी लावलीत तर पुढच्या उपवासकाळापर्यंत तारीख येईल. द्रुतगती लावा, फी जास्त आहे पण एका दाव्याच्या वकिलापेक्षा स्वस्त. हे मी लिहिलं असं कोणाला सांगू नका. आणि मोजणीच्या दिवशी दोन्ही म्हातारे हजर हवेत, नोटीस लगतधारकांनाही जाते, नाहीतर नंतर म्हणतील आम्हाला कळवलंच नाही.

वाडीवाला

द्रुतगतीच लावतोय. पप्पांनी फक्त एवढंच विचारलं की भूमी अभिलेखच्या माणसाला जेवायला कोणाच्या घरी घालायचं.